भिवाची गूळतुला

आज शाळेत मुलांची वजनं होणार होती. गेल्या खेपेला काट्यावरून उतरताना माझ्या लेकीला, जुईला, वर्गातलं कुणीतरी "पोतं" म्हणालं होतं. त्या एका शब्दापायी रात्रभर माझा डोळा लागला नाही. पहाटे ठरवलं, उपदेश नको, गोष्ट सांगू. गोष्टीनं कुणाचं वजन उतरल्याचं ऐकिवात नाही, पण वेणी घालता घालता मला तेवढंच जमतं.

एका गावात एक विणकरीण होती, सगुणा तिचं नाव. तिचा मुलगा भिवा जन्मला तो इतका अशक्त, की सुईण म्हणाली, "हे मांजराचं पिल्लू जगलं तर देवीची कृपा." सगुणा टेकडीवरच्या देवीला नवस बोलली, "लेकराला जगव. याचे दुधाचे दात पडले की तुझ्या दारात याची गूळतुला करीन." तराजूच्या एका पारड्यात मूल बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भाराइतका गूळ ठेवायचा आणि तो गाववाल्यांना वाटायचा, अशी तिथली रीत होती.

भिवा जगला. आता गूळ साठवायचा होता.

सगुणा शेठच्या मागावर कामाला होती. कामाचा भोंगा उजाडायच्या आत वाजे, सुटीचा दिवेलागण उलटल्यावर. भाजीबाजार मात्र सकाळी भरे आणि ऊन चढायच्या आत उठे. मागावरच्या बायांना संध्याकाळी तिथे नुसती देठं दिसत.

शेठ धोरणी होता. त्यानं मागाच्या फाटकाशीच दुकान घातलं. तेलात तळलेल्या, पाकात बुडवलेल्या चकत्या विकायला ठेवल्या. मूठभर भाजीच्या मोलात टोपलीभर चकत्या येत. चूल पेटवायला नको, निवडायला नको, चिरायला नको. संध्याकाळी प्रत्येक बाई पदराखाली एक पुडा घेऊन घरी जाऊ लागली.

"पोट भरलं का रे?" सगुणा विचारी.

"भरलं."

तिला तेवढंच ऐकायचं असे.

भिवा अंगानं भरू लागला. शेजारणी त्याचे गाल ओढत म्हणत, "काय गं सगुणे, पिल्लाचा बोका झाला की!" सगुणा खूश होई. मरता मरता वाचलेल्या लेकराची आई ती. तिच्या लेखी गुबगुबीत म्हणजे जिवंत.

पण ती अधूनमधून वाण्याच्या तराजूवर भिवाला तोलून बघे. गूळ वाढलेला असे, भिवा त्याहून वाढलेला असे.

शेठच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "एवढंच ना? रात्रपाळी धर, बाई. त्या पाळीची मजुरी गुळातच देतो."

सगुणानं दिवसाच्या कामावर ही पाळीही धरली. भिवाचा पुडा ती शेजारणीच्या हाती धाडी. आता ती घरी येई तेव्हा भिवा झोपलेला असे आणि उशाशी रिकामा पुडा. गुळासाठी पाळी, पाळीपायी चकत्या, चकत्यांनी भिवाचा भार आणि त्या भारासाठी पुन्हा गूळ. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी ती फिरत राहिली.

भिवाला ओढ्यापर्यंत गेलं तरी धाप लागू लागली. मुलं म्हणत, "तू इथे बस, आमच्या चपला सांभाळ." मग सगुणानं त्याला वैद्यबुवांकडे नेलं.

"चकत्या बंद," वैद्य म्हणाले. "भाकरी, पालेभाजी, ताक. बस."

"करते की. कधी करू तेवढं सांगा."

वैद्यांनी खलबत्ता बाजूला सारला. ते पंचांकडे गेले. म्हणाले, "सुटीचा भोंगा थोडा आधी वाजू द्या. गावातल्या चुली पेटतील. नाहीतर हा एकटा भिवा नाही, ही सगळी पोरं टेकडी चढायची नाहीत."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. देवळाचा कळस शेठनं दिलेला. पंगतीतलं तूपही शेठचंच. मोठे पंच हसून म्हणाले, "बुवा, खाणाऱ्यानं तोंड आवरावं. भोंग्यानं काय कुणाला भरवलंय?" सगळे हसले. वैद्य घरी परतले. पुढे त्यांच्या दारात रांग लागू लागली, तेव्हा शेठनं फाटकाशी चूर्णाचंही दुकान घातलं.

भिवाचे दुधाचे दात पडले. जत्रेचा दिवस आला. काही मुलं टेकडीवर पळत गेली, काही धापा टाकत. भिवाला डोलीतून न्यावं लागलं.

सगुणानं सगळ्या ढेपा पारड्यात रचल्या. भिवाचं पारडं जमिनीलगतच राहिलं.

"सगुणे, गूळ कमी आणलास की पोरगा जास्त?" गर्दीतून कुणी ओरडलं.

भिवानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आई, मी एक पाय खाली टेकवू का? कुणाला दिसणार नाही."

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं पाय टेकवला. पारडं वर आलं.

पुजाऱ्यानं पाहिलंच. "देवीला फसवतोस रे?" तो गरजला. फसवणुकीबद्दल त्या देवळात शेठला कधीच कुणी विचारलं नव्हतं.

शेठ पुढे झाला. त्यानं आपल्या गाडीतून गुळाच्या ढेपा आणवून पारडं भरलं. पंचांनी त्याला नारळ दिला. शेठ म्हणाला, "हा तराजू आता पुरायचा नाही. पुढच्या जत्रेला जाड साखळ्यांचा नवा देतो." गावानं टाळ्या वाजवल्या.

वाटलेला गूळ सगळ्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी भोंगा उजाडायच्या आत वाजला. सगुणा गेली. येताना तिच्या पदराखाली पुडा होता.

तात्पर्य: जिथे आईचा वेळ विकत घेतला जातो आणि लेकराची भूक स्वस्तात भागवली जाते, तिथला नफा एकाच्या घरी जातो, भार लेकरू वाहतं, आणि गाव भोंगा बदलायचा सोडून तराजू बदलतं.

वेणी झाली. खाली शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. पोळी लाटायची राहिलीच होती, म्हणून मी दप्तरात बिस्किटांचा पुडा टाकला आणि चेन ओढली.

जुई दारातून मागे वळली. "आई, आज काट्यावर मी एक पाय खाली टेकवला, तर बाईंना कळेल का गं?"