हळदीकुंकवाखालची पाटी

फार पूर्वी, ओढ्यांनाही कामाला जुंपत त्या काळात, एका गावात एक पाणचक्की होती. गावच्या म्हाताऱ्या सुतारबाबांनी ती बांधली होती. चक्की कशी चालवायची, अडली तर काय करायचं, हे सगळं त्यांनी एका लाकडी पाटीवर कोरून ती चक्कीच्या दारावर ठोकली होती.

चक्कीवाला मोठा भाविक. रोज सकाळी पाटीला हळदकुंकू वाहायचा, झेंडूचं फूल खोचायचा, हात जोडायचा. वाचायचा मात्र नाही. वाचता येत नव्हतं असं नाही बरं का! पण चक्की जरा कुरकुरली, की स्वारी धावत सुतारबाबांच्या अंगणात. बाबाही हातातलं काम टाकून निघायचे. जीव होता त्यांचा त्याच्यावर.

एके दिवशी चक्की पुन्हा थांबली. चक्कीवाला धापा टाकत आला, तर बाबा पाळण्याला रंधा मारत बसलेले. उद्या नातीचं बारसं, आणि पाळण्याला अजून एक बाजूच नव्हती.

"बाबा, चला! बारशाचंच दळण अडलंय."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"पाटीवर? अहो, तिची तर मी रोज पूजा करतो!"

बाबा खो खो हसले. "अरे लेका, ती देव म्हणून नाही ठोकली. मला दर वेळी यायला जमणार नाही, म्हणून माझ्या जागी ठेवलीय."

तरीही गुडघ्यावर हात टेकून ते उठू लागले. चक्कीवाल्याची नजर अर्धवट पाळण्यावर गेली आणि त्याला फार वाईट वाटलं.

"बसा बाबा. आधी मी पाटी वाचतो."

चक्कीवर परत येऊन त्याने ओल्या फडक्याने पाटी पुसली. कुंकवाचे थरच्या थर निघाले. खाली अक्षरं होती: 'चाक थांबलं तर पाण्याच्या वाटेत कचरा बघा. नसेल तर चाकाची पाचर सैल झालीय का बघा.'

कचरा नव्हता. पाचर सैल होती. त्याने ती ठोकली, चाक फिरलं, आणि पठ्ठ्या एकटाच टाळ्या वाजवत सुटला. संध्याकाळच्या आत पीठ बाबांच्या घरी पोचलं. तोवर पाळणाही पुरा झाला होता.

बारशाला नात पाळण्यात हातपाय झाडत होती. चक्कीवाला बाबांजवळ सरकला.

"बाबा, चाक फिरतंय. पण चक्की रिकामी असली की खालून कण्हते, धान्य घातलं की गप्प. पाटी दोनदा वाचली, हे त्यात नाही."

बाबांचे डोळे चमकले. "आता कसं विचारलंस! हे तर मलाही ठाऊक नाही. चल, जेवून दोघं बघू."

दोघांनी मिळून खोड शोधली: मध्ये धान्य नसलं, की वरचा दगड खालच्या दगडाला घासत होता. मग बाबांनी आपली पटाशी त्याच्या हातात दिली, आणि पाटीवरची नवी ओळ चक्कीवाल्याने स्वतः कोरली.

पाटीची पूजा तो अजूनही करतो. कुंकू मात्र कोपऱ्यात लावतो, अक्षरं मोकळी ठेवून.

तात्पर्य: कुणीतरी मायेने लिहून ठेवलेलं आधी वाचावं, मग अडलं, तर खुशाल विचारावं.