तेलपडदा

एका राज्यात मिठाला सोन्याहून अधिक मान होता. तिथे यशोधवल नावाचा राजा राज्य करी आणि मृगावती त्याची राणी होती. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पण धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी राणी माहेरी गेली, आणि नेमका तेव्हाच कालदंड नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याने अर्धी मिठागरं मागितली. राजा म्हणाला, मूठभरही मिळणार नाही. मांत्रिक रागावला नाही. त्याने कुपीतलं तेल वेशीवर ओतलं आणि आपल्या वाटेने निघून गेला.

त्या तेलाचा पडदा झाला. दोन पदरी, मऊ, दाट. नगराला चहूबाजूंनी आणि वरूनही झाकणारा. तो पुरता मिटायला सूर्यास्त झाला. तेवढ्या वेळात राणीला आणता आलं असतं. पण त्या राज्याची रीतच अशी, की संकट आलं की आधी मीठ आत घ्यायचं, माणसं मग मोजायची. राजाने चाळीस गाड्या मीठ आत आणलं.

पडदा मिटला. त्यातून वारा जाई, पाणी झिरपे. माणूस जाईना, मीठ जाईना, हाकही जाईना. आणि पाणी तर मिठाच्या ओढीचं. मीठ जिथे दाट, तिकडे ते धाव घेतं. भोवतालची नदी पडद्यातून आत शिरू लागली. रस्त्यात घोटाभर, मग कंबरभर पाणी झालं, कोठारातलं धान्य कुजलं, पडदा ताणून ताणून फुगला. फुटला असता तर नगर संपलं असतं.

राणी परतली ती या पडद्यापाशी. पलीकडचं काही दिसेना. राजा जिवंत आहे की नाही, हेही कळेना. तीन दिवस ती तिथेच बसून राहिली. राजाची तिला इतकी आठवण येई, की डोळ्यांचं पाणी खळत नसे.

चौथ्या दिवशी फांदीवरचा खंड्या बोलला. "राणीसाहेब, नदीत पाणी पुष्कळ आहे, त्यात आणखी भर नको. तीन कामं करा. राजांना बोलवा, त्यांना जगवा, आणि त्यांच्याकडून मीठ सोडवा. राजाने स्वहस्ते मीठ सोडलं, की पडदा शापाचा राहणार नाही, नगराचा होईल."

राणीने विचारलं, "हाक जात नाही, तर बोलवू कशी?"

"जे हलकं आणि तेलाशी सलगी करणारं, ते आपोआप जातं."

राणीने वेणीतला दवणा काढला, तळव्यावर चुरडला आणि पडद्याला लावला. वास विनासायास पार गेला. दुपारपर्यंत पलीकडे एक सावली आली आणि तिने राणीच्या तळव्यासमोर आपला तळवा टेकला. मधे फक्त तेलाचे दोन पदर होते. राणीला तो हात ओळखू आला, आणि आता ती खरी रडली.

दुसरं काम जगवण्याचं, ते माहेरच्या गुळाने. पडद्यातच रुतलेला एक बहिरा द्वारपाल होता. त्याच्या ओंजळीत नेमका बसेल तेवढाच खडा तो घेई; मोठा नाही, लहान नाही. खडा बसला की बाहेरचं दार लावी, मग आतलं उघडी. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवणं त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी राणीचे सगळे खडे परत आले. दुसऱ्या दिवशी माप जमलं. सात दिवस ती गूळ वळत राहिली आणि उपाशी नगर जगलं.

तिसरं काम सर्वांत अवघड, कारण ते तिच्या हातचं नव्हतं. द्वारपालाशेजारी एक चाक होतं. ते आतूनच फिरे. एका फेऱ्यात तीन मुठी मीठ बाहेर टाकी, दोन मुठी राखेचा खार आत घेई, आणि फिरवणाऱ्याचं बळ खाई. राणीने पडद्याकडेला राखेचे ढीग रचले. मग गुळाच्या खड्यावर नखाने चाक कोरलं, त्याच्या एका अंगाला तीन टिंबं, दुसऱ्या अंगाला दोन. राजाच्या पोटात आधी गूळ गेला, डोक्यात अर्थ बऱ्याच उशिरा गेला.

पण गेला. वाडवडिलांनी जपलेलं मीठ राजाने स्वतःच्या हाताने बाहेर लोटलं. दिवसामागून दिवस लोटलं. बाहेर मीठ दाट झालं तसं पाणी त्याच्यामागे निघालं. रस्ते दिसू लागले. पडदा सैलावला, राणीभोवती खोल वळला, तिला कवेत घेऊन मिटला आणि आत नेऊन अलगद उघडला.

राजा चाकापाशी उभा होता. केस पांढरे झाले होते, तळवे सोलले होते. तो म्हणाला, "राणी, त्या दिवशी मला वेळ होता. मी मीठ आणलं."

"ठाऊक आहे. गाड्यांच्या चाकोऱ्या माझ्या माहेरच्या दारावरून गेल्या होत्या."

राजाने मान खाली घातली, पण हात थांबवला नाही. "मीठ चाकाच्या फटीफटीतून परत येतं," तो म्हणाला. "हे चाक थांबवता येत नाही. तुला जवळसुद्धा घेता येत नाही."

राणीने पदर खोचला आणि चाकाचा दुसरा दांडा धरला. "मग थोडं सरका," ती म्हणाली.