दोन्ही बाजूंनी सारखं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा धुक्यालाही कसली घाई नसे. एका तळ्याकाठी एक गाव होतं आणि सकाळचं धुकं त्या गावात पार दुपारपर्यंत रेंगाळायचं.

त्या गावात एक कातारी राहत होता. गरगर फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लावायची आणि त्यातून लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब काढायचे, हा त्याचा धंदा. त्याच्या हातची वस्तू अशी गोल आणि अशी नेमकी असे, की तिची डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. "दोन्ही बाजूंनी सारखं नसेल, तर ते माझं काम नव्हे," असं तो मिशीला पीळ देऊन सांगायचा. गर्व होता थोडासा. पण हात खरोखरच तसा होता, म्हणून लोक चालवून घ्यायचे.

त्याची बायको त्या वस्तूंवर लाखेचे रंग चढवायची आणि रंगवताना हसायची. तिचं हसू ऐकून शेजारीपाजारी उगाचच हसायला लागायचे.

एके सकाळी रंगवता रंगवता तिच्या हातातली वाटी पडली. तिचं डावं अंग लुळं पडलं होतं. वैद्यानं महिनोन् महिने तेल चोळलं, काढे दिले. ती काठी टेकत, पाय ओढत चालू लागली, पण डावा हात काही उठेना. वैद्य म्हणाला, "जीव राहिला हे पुष्कळ झालं. पुढचं माझ्या हातात नाही."

"पुढचं माझ्या हातात आहे," कातारी म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानं तिच्यासाठी शिसवी ताट कातलं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल आणि काठाशी गुळगुळीत. दोन्हीकडे सारखे दात असलेली फणी केली. अंघोळीला चौरंग केला आणि त्याला दोन्हीकडे टेकायला सारखे, सुंदर हात बसवले. सारा गाव बघून गेला. कौतुकाला तोटा नव्हता.

पण ताटात भाताचा घास तिच्या बोटांपुढे पळायचा आणि काठावरून खाली पडायचा. फणी डोक्यामागे पोचायची नाही. चौरंगावर बाजूनं सरकून बसावं, तर चौरंगाचाच उजवा हात आडवा यायचा. ती धडपडायची आणि कातारी धावून यायचा.

"राहू दे गं, मी आहे ना!"

तो तिला भरवायचा, न्हाऊ घालायचा, वेणी घालायचा. मनापासून करायचा, त्यात खोट नव्हती. पण ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. रंगाची वाटी कोनाड्यात वाळून गेली. घरात हसू उरलं नाही आणि ते का गेलं, हे कातारी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

आता त्या गावाची एक चाल होती. वर्षातून एकदा, दिवेलागणीच्या वेळी, गावातल्या बायका तळ्यात दिवे सोडत. जिनं दिवा सोडायचा, तिनं त्या दिवशी आपल्या हातांनी न्हायचं, आपल्या हातांनी केस विंचरायचे, आपल्या हातांनी लुगडं नेसायचं. जी माणसं जग सोडून गेली, त्यांचा दिवा तेवढा घरचं कुणीतरी त्यांच्या वतीनं सोडायचं.

दिव्यांचा दिवस महिन्यावर आला तेव्हा गावातली एक जाणती म्हातारी येऊन म्हणाली, "बाबा, यंदा हिचा दिवा तूच सोड हो. देवाला कळतं सगळं."

कातारी मान डोलावणार, इतक्यात आतून बायको बोलली. कितीतरी दिवसांनी बोलली.

"अहो, तुम्ही माझा दिवा सोडलात, म्हणजे मी मेले असंच ना?"

म्हातारी खाली मान घालून निघून गेली. कातारी मात्र तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळ्यावर जाऊन बसला. धुकं इतकं दाट होतं, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पायाशी ओल्या चिखलात एक खेकडा काहीतरी खात होता. त्याची एक नांगी थोरली होती, एक धाकटी.

कातारी तो कातारीच. त्याला राहवेना. "अरेरे, किती विजोड! देऊ का सारख्या करून?"

"मग जेवू कशानं?" खेकडा म्हणाला. धुक्यात असं कुणी बोललं, तर त्या काळी कुणाला नवल वाटत नसे. "थोरलीनं दाबून धरतो, धाकटीनं खातो. दोन्ही थोरल्या झाल्या तर उपाशी मरेन, शहाण्या."

कातारी वाकून त्या नांग्यांकडे बघू लागला.

"तुझी बायको कशी जेवते?" खेकड्यानं विचारलं.

"मी भरवतो की रोज."

"भरवणाऱ्याला तोंड दिसतं. हात दिसत नाही," असं म्हणून खेकडा तिरपा तिरपा चालत धुक्यात गेला.

कातारी घरी आला. ताट वाढलं आणि समोर नुसता बसून राहिला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. घास डावीकडे पळाला. त्याचा हात शिवशिवला, पण त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. घास पुन्हा डावीकडेच पळाला. तिसऱ्यांदाही डावीकडेच.

"तुला काय हवंय?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"हे अडवायला काहीतरी हवं," ती म्हणाली. "माझं दुसऱ्या कुणी करायला नको आहे. नुसतं धरून ठेवायला हवंय. पुढचं मी करीन."

त्यानं फिरतं लाकूड थांबवलं, तासायला वाकस न् कोरायला किकरं घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा वाकडी वस्तू केली. ताटाचा डावा काठ चार बोटं उंच ठेवला. घास पळत आला आणि त्याला टेकून मुकाट उभा राहिला. चौरंगाचा उजवा हात त्यानं कापून टाकला. कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू! पाठ चोळायला वाळल्या घोसाळ्याची जाळी एका लांब, वाकड्या दांड्यावर बसवली. फणीलाही तसाच दांडा आला. लुगड्याच्या निऱ्या धरायला भिंतीत लाकडी चिमटा ठोकला.

"चार बोटं खाली घ्या," ती म्हणाली. त्यानं घेतला.

"आता जरा वर." त्यानं वर घेतला.

"ठरव तरी एकदा!"

"ठरवायला आत्ता कुठं मिळतंय मला," ती म्हणाली, आणि हसली. शेजारची बाई चुलीपाशी बसल्या बसल्या हसू लागली.

गावातली माणसं मात्र ताट बघून कुजबुजली, "हात गेला हो बिचाऱ्याचा." कातारी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

दिव्यांच्या दिवशी तिनं दार लावून घेतलं. कातारी बाहेर बसला. आत पाणी सांडल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचाही आला. दोनदा तो उठला आणि दोनदा खाली बसला. ऊन कललं. बायका दिवे घेऊन तळ्याकडे जाऊ लागल्या. वेळ टळते की काय, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला.

मग दार उघडलं. निऱ्या थोड्या वरखाली होत्या. भांग वाकडा पडला होता. तो नीट करायला कातारीचा हात आपोआप वर गेला आणि तिथंच थांबला.

"चला," ती म्हणाली.

ती सावकाश तळ्यावर गेली. जाणत्या म्हातारीनं तिला जागा करून दिली. तिनं उजव्या हातानं दिवा पाण्यावर ठेवला आणि बोटानं हळूच पुढं ढकलला. तो डुलत डुलत इतर दिव्यांत मिसळला, आणि त्यातला तिचा कुठला ते कातारीला ओळखू येईना.

पुढं लांबलांबच्या गावांहून माणसं त्याच्या दारी येऊ लागली. कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय. कातारी पटाशीला हात लावायच्या आधी त्यांच्यासमोर बसायचा आणि विचारायचा, "तुम्हाला कसं हवंय?"

तात्पर्य: माणसाला आपल्या साच्यात बसवू नये, साचा माणसाबरहुकूम घडवावा, आणि तोही त्यालाच विचारून.