मोकळ्या माळाची पाहणी

डोंगर उतरून खाली आले की एक डोह लागत असे. डोहाच्या एका अंगाला बोरीची दाट जाळी होती, तिला लागून जांभळीची राई, आणि दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर खडकाळ माळ. जाळीत आणि राईत पुष्कळ प्राणी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि मुलांनो, माणसांसारखे त्यांचेही एक रहिवासी मंडळ होते. मोर अध्यक्ष होता, कारण त्याला उंच जागी बसायला आवडे. मुंगूस चिटणीस होता, कारण काम कोणीतरी करायलाच हवे होते. मंडळाचे नियम दोनच. शेजाऱ्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना कोणी तोंड लावायचे नाही, हा पहिला. ज्याच्या घराला दार आहे तोच सभासद, हा दुसरा. बिळाला दार असतेच, ढोलीलाही असते, घरट्यालाही आत शिरायची बाजू असते, त्यामुळे या नियमात काही खोट आहे असे कोणाला कधी वाटले नव्हते.

त्या वर्षी डोंगरावरचे तळे आटले. तिथल्या नीलगायींच्या कळपाला पाण्यासाठी रोज खाली डोहावर येणे भाग होते. कळपाची म्हातारी पुढारीण एके सकाळी मंडळाकडे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "आम्हांला पाण्यापुरती वाट हवी. कुठून यायचं ते तुम्हीच ठरवा. तुमची वस्ती तुम्हांला ठाऊक." एवढे बोलून ती लांब, सभेतले बोलणे ऐकू येणार नाही अशा जागी जाऊन उभी राहिली. वाट मागणाऱ्याने इतक्या अदबीने मागावी, हे मंडळाला फार बरे वाटले. मात्र वाट द्यायची कोणाच्या घरावरून, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांचे चेहरे बदलले.

"राईतून नको," खार म्हणाली. "ही झाडं आमच्या आज्या-पणज्यांपासूनची आहेत. मुळं तुडवली गेली की संपलं."

"जाळीतून तर मुळीच नको," घोरपड म्हणाली. "इथे पोरंबाळं खेळतात."

मोराने मान डोलावली. राईपुढच्या मोकळ्या जागेत तो नाचत असे, पण त्याने आपल्या नाचाचा उल्लेख केला नाही. तो म्हणाला, "वस्तीची शांतता राखणं हे मंडळाचं कर्तव्य आहे. पलीकडे एवढा मोठा माळ रिकामा पडला आहे. वाट तिकडून जावी, असं माझं मत आहे." हे सर्वांनाच एकदम पटले. आपल्या घरापासून लांबची गोष्ट चटकन पटते.

तेवढ्यात सभेच्या कडेला कोणीतरी बोलले. "माळ रिकामा नाही. आम्ही राहतो तिथे."

ती धाविक होती. धाविक म्हणजे लांब पायांची, मातकट रंगाची माळावरची पक्षीण. ती उडते कमी आणि पळते जास्त. ती घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. घोरपडीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "तुझ्या घराला दार आहे का?"

"घरच नाही तर दार कुठलं? पण अंडी आहेत."

"मग तू सभासद नाहीस," मोर म्हणाला. तो दुष्ट नव्हता, नियमाला धरून चालणारा होता. थोडा विचार करून त्याने पुढे सांगितले, "तरी मंडळ कोणावर अन्याय करत नाही. आमचे चिटणीस माळावर जाऊन पाहणी करतील. ते जे पाहतील ते सभेला सांगतील, आणि मग ठराव होईल."

मुंगूस धाविकीच्या मागोमाग माळावर गेला. ऊन तापले होते. खडे, सुकलेले कुसळी गवत आणि पुन्हा खडे, याखेरीज त्याला काही दिसेना. धाविक एका जागी थांबली. तिच्या मनात काय चालले असेल ते ओळखणे कठीण नव्हते. तिची अंडी सुरक्षित होती ती केवळ कोणाला दिसत नव्हती म्हणून. आता आपण इथे राहतो हे पटवायचे, तर ती दाखवायला हवी होती, आणि तीही मुंगसाला. मुंगसांना अंडी किती आवडतात हे माळावर सगळ्यांना माहीत होते. शिवाय ती सभासद नव्हती, तेव्हा मंडळाचा पहिला नियमही तिच्या कामाचा नव्हता.

"भाऊ," ती अखेर म्हणाली, "तुझ्या उजव्या पायापाशी बघ."

मुंगसाने पाहिले. प्रथम दोन खडे दिसले. मग त्या खड्यांवरचे तपकिरी ठिपके दिसले, आणि ती दोन अंडी आहेत हे त्याच्या ध्यानात आले. त्याच्या तोंडाला पाणी सुटले. तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग हळूच पाय मागे घेऊन वळला.

"मी हात लावणार नाही," तो म्हणाला.

"ते मला दिसलं," धाविक म्हणाली. "सभेत सांग एवढंच."

परत येताना मुंगसाला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि तो वाटण्यासारखाच होता. मोह आवरणे सोपे नसते. घरी पोचल्यावर त्याने सारी हकीकत मुंगशिणीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "माळ रिकामा नाही असं तुम्ही सांगितलंत, तर वाट कुठून काढतील?"

मुंगूस बिळाच्या दाराकडे पाहू लागला.

"राईत मोर आहे, तिथून कोणी काढणार नाही. राहिली आपली जाळी. आपली पिल्लं अजून डोळे उघडायची आहेत." एवढे बोलून ती पिल्लांना चाटू लागली. तिने दुसरे काही मागितले नाही, आणि त्यामुळेच मुंगसाला तिच्यापुढे काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. नीलगाय एका बाजूला उभी होती. सर्वांच्या मागे, जिथे सभासद नसलेल्यांनी उभे राहायचे असते तिथे, धाविक उभी होती.

"चिटणीस, माळावर काय पाहिलंत?" मोराने विचारले.

मुंगूस उभा राहिला. त्याने धाविकीकडे पाहिले नाही. "खडे पाहिले," तो म्हणाला. "आणि सुकलेलं गवत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. धाविक त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. मुंगूस खाली बसला. तिने काही बोलण्यासाठी चोच उघडली, पण मोराने तोवर ठराव मांडला होता आणि सभासदांनी माना हलवल्या होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांना हायसे वाटले, आणि मंडळ किती समंजसपणे काम करते याबद्दल खारीने दोन शब्द सांगितले.

नीलगायी त्याच संध्याकाळी माळावरून उतरल्या. फार दिवस तहानलेला कळप होता, त्यामुळे पाण्याचा वास येताच सगळ्यांचा वेग वाढला. धाविक कळपापुढे धावली, पंख पसरून ओरडली, एका वासराच्या तोंडाशी येऊन फडफडली. धुळीत तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कळप डोहावर पोचला आणि पोटभर पाणी प्याला. मुंगूस जाळीच्या तोंडाशी बसून पाहत होता. धूळ खाली बसली तेव्हा त्याला धाविक दिसली. ती एका जागी मान खाली घालून उभी होती.

मुंगसाला घरात जाववेना. तो म्हाताऱ्या नीलगायीकडे गेला आणि त्याने तिला खरे काय ते सांगून टाकले. अंडी कुठे होती, ती त्याने कशी पाहिली, आणि सभेत तो काय बोलला, सगळे. नीलगायीच्या तोंडातून पाणी ठिबकत होते.

"आम्ही जड जनावरं," ती म्हणाली. "खुराखाली काय येतं ते आम्हांला कळत नाही. म्हणून तर आधी विचारायला आले होते. तू नुसतं सांगितलं असतंस तर तेवढ्या जागेला वळसा घालून आलो असतो. माळ काय लहान आहे?"

"मग जाळीतून वाट मागितली नसतीत?"

"जाळीतून आम्हांला कशाला यायचंय? काटे आहेत तिथे."

मुंगूस तिथून निघाला. आपली पिल्लं वाचवण्यासाठी आपण गप्प राहिलो, अशी त्याने सभेपासून मनाची समजूत घातली होती. पिल्लांना धोका नव्हताच. वाट कुठून न्यायची एवढेच मंडळाने नीलगायीला सांगितले होते. माळावर कोणाला सांभाळून चालायचे, हे सांगायचे कोणाच्या मनातही आले नव्हते, आणि ज्याला ते ठाऊक होते तो खाली बसला होता. तो थेट माळावर गेला.

धाविक अजून तिथेच होती. मातीत ओल दिसत होती आणि कवचाचे बारीक तुकडे खड्यांत मिसळून गेले होते. मुंगसाने तिला नीलगायीचे बोलणे सांगितले. काही लपवले नाही. शेवटी तो म्हणाला, "मी तुझ्या अंड्यांना हात लावला नव्हता, बाई. एवढं तरी खरं आहे."

"हो," धाविक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू ती खाल्ली असतीस तर मी म्हटलं असतं, त्याला भूक लागली होती. माळावर राहते मी, भूक मला कळते. पण तू ती पाहिलीस, राखलीस, आणि मग सभेत बसून ती तिथे नाहीत असं होऊ दिलंस. याला मी काय म्हणू, तूच सांग."

मुंगूस मातीतल्या तुकड्यांकडे पाहू लागला. मग धाविक माळाच्या दूरच्या टोकाकडे चालू लागली, आणि जरा वेळाने खड्यांतून ती वेगळी ओळखू येईना.

तात्पर्य : ज्याला सभेत बोलता येत नाही त्याचे घर आपण पाहिले असेल, तर ते सांगणे हे आपले काम असते. संकट आपल्या दारातून दूर जावे म्हणून जो गप्प राहतो, त्याचा हात स्वच्छ दिसला तरी तो निर्दोष नसतो.