राजाने गिळलेला शब्द

एका राज्यात, जिथले डोंगर झोपेत कूस बदलीत, तिथे भद्रकेतू नावाचा राजा होता. त्याने एकदा कालजंघ मांत्रिकाचे गाणे मध्येच तोडले. का? तर पानावर श्रीखंड वाढले होते! मांत्रिक म्हणाला, "राजा, आजपासून जो गाणे अर्धे सोडील, तो दगड होईल. उतारा ज्याच्या तोंडी आहे, त्याला तुम्हीच बोलू देणार नाही."

पुढे राजपुत्र इंदुकेतू जन्मला. वैद्य म्हणाले, गाण्याने बाळ सुदृढ होते, शहाणे होते. झाले! पाळण्याभोवती गवई बसले. पहाटेपासून पहाटेपर्यंत गाणे. थांबायची सोय नाही. कित्येक गवई साध्या ठसक्यापायी दगड होऊन अंगणात उभे राहिले. बाळ तीन वर्षांचे झाले. ऐके सारे, पण ब्र काढीना.

राणी मंदाकिनीने बागेतला बोलका भारद्वाज पक्षी दरबारात आणला. "पक्षिराज, बाळ बोलावे म्हणून काही उपाय?"

"तीन कामे. महाराजांनी स्वतः करावी. पहिले, गवयांना रजा."

राजाने दिली. गवई चालले गाणे पुरे करून घरी गेले. महाल इतका शांत झाला, की पहारेकरी दचकले.

"दुसरे, मुकुट काढून लेकराजवळ जमिनीवर बसा."

राजा बसला. लेकराने मुकुट चाटून पाहिला.

"तिसरे, गाणे म्हणा आणि शेवटचा शब्द गिळा."

दरबार हबकला. मंडळी, प्रधानाच्या तोंडातला विडा खाली पडला!

"पाखरा, मी दगड होईन!"

"व्हाल. माप शिगोशीग भरले, तर लेकराने आपला दाणा टाकावा कुठे?"

राणी म्हणाली, "मी गाते."

"गाणे तोडले होते कुणी?"

राजाने मान खाली घातली. मग घसा खाकरून गायला, "हत्ती चाले डुलू डुलू, घुंगूर वाजे खुळू..." आणि थांबला.

पावले दगड झाली. गुडघे दगड झाले. कंबर झाली.

"बाळा, म्हण ना रे!" राणी किंचाळली.

"गप्प, राणीसाहेब! पाळी त्याची आहे."

छाती दगड झाली. हनुवटी झाली. बाळ बापाच्या मिटल्या ओठांकडे टक लावून पाहत होते. त्याने राजाच्या गालावर हात ठेवला. गाल गार लागला.

"थुळू!"

"उच्चार अशुद्ध!" राजगुरू ओरडले. पण दगडाला शुद्धाशुद्धाचे काय? तो तडकला, ढलपे गळाले, आणि आतून राजा निघाला, घामाने चिंब. अंगणातले गवई जागे झाले. ज्याला जिथे ठसका लागला होता, तिथून त्याने गाणे उचलले. एकच कल्लोळ!

राजा ढलपे झटकीत खाली बसला. तोच लेकराने त्याच्या मांडीवर चापट मारली. "हत्ती ताले..." म्हणाले, आणि थांबले. डोळे मोठे करून वाट पाहू लागले.

आता लेकरूच दगड होते की काय, म्हणून दरबार पुढे सरसावला. राजा लेकराकडे वाकला. आयुष्यात प्रथमच कुणी त्याच्यासाठी जागा ठेवली होती.

"डुलू," तो पुटपुटला.

"डुलू!" बाळ खिदळले.

शाप सरला, राज्य सावरले. त्यांच्या घरी बोबडी कलकल नांदली, तशी तुमच्या घरीही नांदो.