करपलेली काहील

राज्य कोणतं, राजा कोण, ते मला विचारू नका. फार पूर्वीची गोष्ट आहे, एवढं खरं. नदीकाठच्या एका गावात येसबा नावाचा गुळव्या होता. काहिलीत, म्हणजे गुळाच्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळायला लागला, की नजर येसबाची. त्याने "उतरवा" म्हटलं, की काहील उतरायची. त्याचा बालमित्र सटवा खाली चुलवाणात जाळ घालायचा. दोघांच्या हातचा गूळ म्हणजे, अहाहा, नुसता पिवळाधमक!

गावाची रीत अशी, की हंगामातली पहिली ढेप ग्रामदेवीपुढे ठेवायची आणि मगच घरोघरी गूळ चाखायचा.

त्या वर्षी पहिल्याच काहिलीच्या वेळी परगावचे पाहुणे आले. झालं! येसबाची स्वारी त्यांना स्वतःची थोरवी सांगण्यात रंगली. सटव्याने खालून हाका मारल्या, "येसबा, अरे पाक बघ!"

"बघतो, बघतो," म्हणत येसबाने आणखी एक बढाई मारली. तेवढ्यात करपल्याचा वास सुटला. देवीची ढेप काळीठिक्कर आणि कडूजहर झाली.

सगळा गाव धावला. येसबाच्या तोंडातून निघून गेलं, "या सटव्याने जाळ जास्त घातला!"

सटव्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं. पाटलांनी त्याला चुलवाणावरून उठवलं आणि तो घोंगडं खांद्यावर टाकून घरी गेला.

जाळाला नवा माणूस बसला. पण येसबाचं चित्त कुठं थाऱ्यावर होतं? दुसरी काहील कच्चीच उतरली.

"चिपाडं ओली घातलीस!" येसबा त्याच्यावर ओरडला. तोही उठून गेला. मग कोणी येईचना. "नको रे बाबा, चुकणार हा आणि बोल लागणार आम्हाला," म्हणत जो तो अंग चोरू लागला. इकडे रांजणांतला रस आंबायला लागला. गावाचे वर्षभराचे कष्ट मातीत चालले होते आणि येसबा काहिलीपाशी एकटाच बसून होता. वाईट माणूस नव्हता हो तो, भेदरला होता बिचारा.

शेवटी तो सटव्याच्या दारात गेला. "सटव्या, चूक माझीच होती रे. माफ कर मला."

"मला कशाला सांगतोस?" सटवा म्हणाला. "मला ते त्याच दिवशी ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

येसबाच्या ते फार जिव्हारी लागलं. तसाच तो चावडीवर गेला. भरल्या गावापुढे बोलला. "काहील मी करपवली. सटवा हाका मारत होता, मीच गप्पांतून उठलो नाही. वर खोटं बोलून त्याची अब्रू घालवली. द्याल ती शिक्षा सोसेन."

पाटील संतापले. "मग यापुढे काहिलीला हात लावायचा नाही!"

"बरं," येसबा म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

तेवढ्यात गर्दीतून सटवा पुढे आला. "पाटील, आपली चूक आपल्या तोंडाने सांगणारा माणूस वर उभा असेल, तर खाली जाळाला बसायला मला भीती नाही. चल रे येसबा, रस आंबतोय."

पाटलांनीही मग आपला हुकूम मागे घेतला. निम्मा रस वाया गेला होता, तो गेलाच. त्या वर्षी प्रत्येक घराला गूळ थोडाच मिळाला, पण देवीपुढे ढेप आली.

आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणाऱ्याला शेवटी सोबत उरत नाही, म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, आपली चूक चारचौघांत आपली म्हणायला शिका.