घोंगडखिंडीतलं पाणी

जपून या, पाव्हणं. इथले दगड निसरडे आहेत. हो, निसरडेच! खाली आमच्या गावात, हिवरमाळात, पाय घसरायला चिखलसुद्धा मिळत नाही, पण या खिंडीत उन्हं वर येईपर्यंत दगड ओला असतो. आणि ते समोर दोन खांबांवर ताणून बांधलंय ना, ते घोंगडं. हसू येतंय बघून? सगळ्यांनाच येतं. बोट आरपार जाईल एवढी भोकं आहेत त्याला. आमच्या गावच्या सणगरांची घोंगडी पार कोकणापर्यंत नावाजलेली, आणि डोंगरावर मात्र असलं लक्तर टांगलेलं. पण लक्तर म्हणायचं नाही हं त्याला. येसाक्काचं घोंगडं म्हणायचं. खाली ती घागर ठेवलीय तिच्यात थेंब पडतायत, ऐका. घागर जराशी भरेपर्यंत बसा या कातळावर. तहान लागली असली तरी बसा. पाणी प्यायच्या आधी गोष्ट ऐकायची असते.

किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या आज्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. पण असं सांगतात, की तेव्हा हिवरमाळात म्हाळू नावाचा सणगर होता. घोंगडी विणणाऱ्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. येसाक्का त्याची बायको, आणि घरात त्याची म्हातारी आई गिरजाक्का. गिरजाक्काचे पाय गेलेले, पण जिभेला हाड नव्हतं. सून घोंगडं विणून उतरवायची, की म्हातारी ते उन्हाकडे धरून बघायची. कुठं उजेडाचा एक ठिपका दिसला, तर उसवायला लावायची. सणगराच्या घोंगड्यातून पाणी गळालं तर नाक कापलं म्हणून समज, असं तिचं म्हणणं. येसाक्का मुकाट्यानं उसवायची आणि पुन्हा विणायची. अशानंच तिचा हात म्हाळूच्या तोडीचा झाला.

मग पावसानं ओढ दिली. एका सालाची नव्हे, लागोपाठची. धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेले, लोकर यायची बंद झाली. मागाच्या खड्ड्यात मांजर व्यालं म्हणे. घरातले दाणे संपत आले तेव्हा म्हाळूनं शिल्लक घोंगडी खांद्यावर टाकली आणि कोकणात उतरायचं ठरवलं. तिकडं पाऊस धो धो, घोंगड्याला गिऱ्हाईक. आईला थंडी वाजेल म्हणून स्वतःच्या अंगावरचं घोंगडं तेवढं त्यानं घरी ठेवलं. येसाक्काला म्हणाला, "आईला तुझ्या पदरात टाकून चाललोय. म्या येईस्तवर जागा सोडू नगंस." आणि याच खिंडीतून उतरून गेला.

तो गेला, आणि पाठोपाठ गावही गेलं. आज हे घर, उद्या ते. जाताना लोक दाराला काटेरी फांदी लावून जायचे, कुत्री मागे धावायची आणि वेशीवरून परत यायची. शेवटी गावात दोघीच उरल्या, एक चालता न येणारी आणि एक तिला सोडता न येणारी.

बारवेच्या तळाला पाणी होतं, पण कसलं? हिरवंगार, अळ्या वळवळणारं. येसाक्का पदराची चौघडी करून गाळायची, उकळायची, तरी वास जायचा नाही. म्हातारीला त्यानं हगवण लागली. शेवटी शेवटी गिरजाक्का भांडतही नव्हती, हेच येसाक्काला जास्त लागलं. म्हातारी गेली. खांदा द्यायला चौघं सोडा, एकही नव्हता. येसाक्कानं एकटीनं खड्डा खणला, एकटीनं माती लोटली. घरी येऊन ती रडायला बसली, पण रडणंही नीट येईना. रडायलासुद्धा कुणी 'उगी' म्हणणारं लागतं.

त्यानंतर एकदा गावचे बाळाजी कारभारी घरातलं राहिलेलं सामान न्यायला परत आले. येसाक्काला बघून ते हबकलेच. म्हणाले, पोरी, आता कुणासाठी बसलीस? चल आमच्याबरोबर नदीकाठाला. ती म्हणाली, जागा सोडू नको असं सांगून गेलेत, परत येऊन दार बंद दिसलं तर कुठं शोधतील मला?

"पर पिशील काय?" कारभाऱ्यांनी विचारलं.

तिनं बारवेकडे बोट दाखवलं. कारभारी गेले. बारवेचं पाणी प्यावं तर सासूच्या वाटेनं जायचं, न प्यावं तर तहानेनं. आणि गाव सोडावं तर नवरा कायमचा चुकायचा. तिला मरणाची भीती नव्हती, म्हणतात. भीती एवढीच, की आपण मेल्यावर तो यायचा आणि आपल्याला हाक मारत बसायचा.

रोज उजाडता ती खिंडीत येऊन कोकणाकडची वाट बघायची. त्या वेळी तिकडून धुई चढते, दाट धुकंच ते. पाऊस सगळा खाली कोकणातच पडून जातो, आमच्या वाट्याला हे असले रिकामे ढग. डोंगराला अंग घासतात आणि पुढे जातात, ओळख न देणाऱ्या सोयऱ्यासारखे. येसाक्का त्यांना शिव्या द्यायची. एके दिवशी शिव्या देता देता तिचं लक्ष करवंदीच्या जाळीकडे गेलं. तिथं कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, आणि सगळीकडे खडखडीत कोरडं असताना ते जाळं पाण्यानं ओथंबून खाली लोंबत होतं. एकेक थेंब धाग्यावरून घरंगळायचा, दुसऱ्याला मिळायचा, आणि जड होऊन खाली पडायचा. तिनं जिभेवर एक थेंब घेतला. गोड पाणी! ना वास, ना अळी. तेव्हा कुठं तिला नीट रडू आलं, असं सांगतात.

पण माणूस आपल्या धंद्याच्या बाहेर विचार करत नाही, पाव्हणं. तिला वाटलं, एवढ्याशा जाळ्यात एवढं पाणी, तर भरगच्च घोंगड्यात केवढं! घरी म्हाळूचं घोंगडं होतं, तिनंच विणलेलं, घट्ट. तिनं ते आणून दोन मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, बांधलं. धुई आली, घोंगड्यावर आपटली आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून निघून गेली. घोंगडं शिडासारखं फुगलं, वरवर ओलसर झालं, पिळलं तर ओंजळभरसुद्धा पाणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग ती कोळ्याच्या जाळ्यासमोर जाऊन बसली आणि उन्हं येईपर्यंत नुसती बघत राहिली. जाळ्यात धाग्यांपेक्षा भोकंच जास्त होती. भोकांतून वारा जात होता, आणि जाताना आपली ओल धाग्यावर ठेवून जात होता. जन्मभर पाणी आत येऊ द्यायचं नाही म्हणून ती झटली होती. आता पाण्यासाठी वाट सोडायची होती.

त्यासाठी सूत हवं. लोकर कुठून आणणार? घरात सूत एकाच ठिकाणी होतं, म्हाळूच्या घोंगड्यात. त्याला अजून त्याच्या अंगाचा वास होता. ती एकटी झोपायची तेव्हा तेच पांघरायची. येसाक्कानं ते मांडीवर घेतलं. उसवावं तर त्याची एवढी एकच वस्तू जाणार. न उसवावं तर त्याची वाट बघणारी जाणार. तिनं टोक शोधलं आणि ओढलं.

मग मागावर बसली, तर नवाच घोळ. विरळ विणायचं म्हटलं तरी हात ऐकेना. वीण घट्ट ठोकायची लाकडी पट्टी आपोआप उचलली जायची आणि ठक्‌कन बसायची. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा घट्ट. सासू असती तर तिनं शाबासकी दिली असती. शेवटी वैतागून तिनं ती पट्टी चुलीत घातली आणि नुसत्या बोटांनी धागे सारत विणलं. बघणाऱ्याला लाज वाटावी असं घोंगडं झालं. खालची कड तिनं पिंपळाच्या पानासारखी निमुळती केली, कारण पानावरचं पाणी शेंड्याकडून गळतं हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्या टोकाखाली घागर ठेवली. पहिल्या दिवसाच्या पाण्याला सुताला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आणि लोकरीचा उग्र वास आला, ते तिनं करवंदीला घातलं. दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ पाणी पडायला लागलं. एका माणसाला पुरून उरेल एवढं.

उरेल एवढं, म्हणून पुढची गोष्ट झाली. दुष्काळात माणसं रानोमाळ हिंडत होती. कुणी कोकणात उतरायचं, कुणी वर यायचं. खिंडीत पाणी मिळतं ही बातमी पसरली. येसाक्का खिंडीतच खोपटं घालून राहिली आणि येईल त्याला पाजू लागली; कुणी आपल्या शिदोरीतला घास तिच्यासाठी ठेवून जायचं. पुढं पुढं तिची नजर अधू झाली. धुईत नुसता माणसाचा आकार दिसायचा, तोंड ओळखू यायचं नाही. मग ती प्रत्येकाला नाव विचारायची. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढत नसे. तुम्ही अमका का, असं विचारायची सोयच नव्हती. त्यानंच सांगायला हवं.

एकदा एक वाटसरू आला आणि लांबच उभा राहिला, आपली सावली घागरीवर पडणार नाही इतका लांब. नाव विचारल्यावर त्यानं रीतीप्रमाणे आधी जात सांगितली. येसाक्का चिडली म्हणे.

"जात कशाला सांगतूस? म्या ज्येची वाट बघतीया त्यो तू हाईस का, एवढंच बगायचं हाय मला. नाव सांग."

त्यानं नाव सांगितलं, भिवा. "मंग न्हाईस," म्हणाली, आणि आपल्या हातानं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

काही वर्षांनी पाऊस झाला, गाव परत आलं. बाळाजी कारभारी म्हातारे झाले होते, तरी वर चढून आले. एकाच घागरीतून सगळ्यांना पाजतेस, हे बरं नव्हे, असं गावाचं म्हणणं त्यांनी तिला सांगितलं. मग हळूच म्हणाले, म्हाळूला घाटात वाघानं नेलं असं काही जण म्हणतात, काही म्हणतात त्यानं तिकडेच दुसरा संसार मांडलाय. काहीही असो, आता खाली चल. येसाक्कानं सगळं ऐकून घेतलं. त्यांना नाव विचारलं, पाणी दिलं, आणि खाली काही आली नाही.

ती पार थकल्यावरची गोष्ट. दाट धुईची सकाळ होती. कोकणाच्या बाजूनं एक माणूस चढून आला. पावलं म्हाताऱ्याची, ओढत टाकलेली. येसाक्कानं नाव विचारलं, तो बोलला नाही. तहानलेल्याला किती ताटकळत ठेवायचं, म्हणून तिनं पाणी ओतलं. तो प्यायला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मग पावलं वळली आणि आला त्याच वाटेनं खाली जायला लागली. येसाक्का उठून उभी राहिली.

"अवं, नाव तेवढं सांगून जावा," ती म्हणाली. "म्या काय सुदीक बोलणार न्हाई."

पावलं चाललीच होती. तेव्हा तिनं जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं. "म्हाळू!" अशी हाक मारली, की खाली रानात असलेल्या गुराख्यांनी ऐकली.

पावलं थांबली.

धुईत काही दिसत नव्हतं. खिंडीत नुसते थेंब पडत होते. येसाक्का कान देऊन उभी राहिली. मग पावलं पुन्हा चालायला लागली, खाली, खाली, आणि ऐकू येईनाशी झाली.

तोच होता, असं काही म्हणतात. दुसरा संसार मांडलेला, लाजेनं तोंड उघडलं नाही. काही म्हणतात, भलताच कुणी होता, मुका असेल बिचारा. असल्या हाकेला कुणीही थांबेल. येसाक्कानं कुणालाच काही सांगितलं नाही. गुराखी धावत वर आले तेव्हा ती मेढीला धरून उभी होती, आणि त्याच थंडीत गेली. या वेळी मात्र खांदा द्यायला सगळं गाव होतं. कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही म्हणतात.

आजही धुईचे दिवस आले, की हिवरमाळातलं एकेक घर पाळीपाळीनं असं विरळ घोंगडं विणतं आणि इथं आणून बांधतं. चांगला विणणारा असला तरी त्या दिवशी त्यानं पट्टीला हात लावायचा नाही. आणि आजही या घागरीतलं पाणी प्यायच्या आधी माणसानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. आडनाव नको, गाव नको, जात तर नकोच. तेव्हा सांगा, आणि मग ओंजळ धरा. नाव कसलंही असलं तरी चालतं. आमच्या गावात मात्र आजही कुणी पोराचं नाव म्हाळू ठेवत नाही. तो पोरगा इथं येऊन नाव सांगणार, आणि येसाक्काला उगाच आशा लागणार.